आक्काची बोलणी

"मी पण येणार," सासूबाई म्हणाल्या.

म्हणाल्या म्हणजे ओठ हलले आणि श्वासाबरोबर शब्द बाहेर आले. त्या बोलायला लागल्या की आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत असू, म्हणून मला कळलं. रविवारची दुपार होती. मी अण्णांच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते, आणि सासूबाई नारायणपेठी नेसून, पदर नीट पिनअप करून दारात उभ्या होत्या. आदल्या दिवशी दोघं विट्याहून आमच्याकडे पुण्याला आले, तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं की तुम्ही जा, मी घरी पुस्तक वाचत पडेन. माझा सगळा बेत त्या एका वाक्यावर उभा होता.

मी म्हटलं, आई, तिथं फार गोंगाट असतो, पोरं किंचाळतात, तुमचं डोकं उठेल. त्यांनी ते हातानंच उडवून लावलं.

"एकटी बसून काय भिंती बघू?" एवढं म्हणून त्या चपला शोधायला गेल्या. इस्त्री कॉलरवर जरा जास्तच वेळ राहिली आणि वास सुटला.

अण्णा म्हणजे माझे सासरे, शेडगे सर. विट्याच्या शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले; पण गावात त्यांची ओळख खो-खोचे पंच म्हणूनच. त्यांनी एकदा हात वर केला की कुणाची टाप नव्हती तो खाली आणायची. माझ्या नवऱ्याला त्यांनी शाळेच्या फायनलमध्ये बाद दिलं होतं, आणि आपण बाद नव्हतोच हे नवरा अजून सांगत असतो. तो त्या आठवड्यात नेमका बडोद्याला होता, कंपनीच्या कामाला. म्हणजे जे काही निस्तरायचं ते मी एकटीनं.

काय निस्तरायचं होतं ते आधी सांगते. आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण तो दिवस अजून आठवतो.

मी आणि माझी मैत्रीण तेजल, आम्ही दोघी व्हिडिओ गेम बनवत होतो. खूप खपून आम्ही 'पाटकरी' नावाचा एक खेळ केला होता. पाटाचं पाणी सुटलेलं असतं, तुमच्या हातात खोरं असतं, आणि ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत शेत भिजवायचं. वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. ऐकायला सोपं, पण पाणी थांबत नाही, आणि एक चुकलं की सगळं शेजाऱ्याच्या रानात. बांधावर एक म्हातारी बसलेली असते, आक्का. तुम्ही चुकलात की आक्का रागावते, आणि तिच्या रागावण्यातूनच खेळ कसा खेळायचा ते कळत जातं. दुसऱ्या सूचना, बाण, खुणा आम्ही ठेवल्याच नव्हत्या. लोकांना आक्का फार आवडली होती. त्या वर्षी 'पाटकरी' सोंगटीच्या अंतिम तिघांत होता. सोंगटी म्हणजे वर्षभरात देशात निघालेल्या उत्तम व्हिडिओ गेमना मिळणारा पुरस्कार. डिसेंबरात पुण्यात मोठा सोहळा व्हायचा, आणि बक्षीस म्हणून पितळेची हातभर उंच सोंगटी. आमच्या धंद्यातल्या माणसाला तिचं काय वाटतं, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मी तर शेल्फावर जागासुद्धा करून ठेवली होती.

आणि आक्काचा आवाज माझ्या सासूबाईंचा होता.

त्यांचा आवाज म्हणजे विट्यात सांगण्यासारखी गोष्ट होती. आमचं रान गावाबाहेर. तिथं बांधावर उभ्या राहून त्या ओरडल्या की पलीकडच्या रानातला गडीसुद्धा उगाचच बिडी विझवायचा. अण्णांना शिट्टी लागायची, यांना नुसतं "अहो" पुरायचं. बोलण्यांचा मोठा वाटा अर्थात अण्णांचाच. ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून, पिशवीत टोमॅटो खाली आणि बटाटे वर घातले म्हणून, पाहुण्यांसमोर स्वतःचीच बशी आधी ओढली म्हणून. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, या दोघांचं आता मोडतंय. मग कळलं की हे रोजचंच आहे आणि दोघांची तब्येत त्यावरच चांगली आहे.

सोहळ्याच्या दोन वर्षं आधी त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहील की नाही, डॉक्टर खात्री देईनात. तेव्हा सासूबाई आपणहून मला म्हणाल्या, "तुझ्या त्या खेळात म्हातारी हाय न्हवं? माझा आवाज घे काय लागंल तेवढा. नंतर मिळायचा न्हाई." उपचारासाठी दोघं पुण्याला आमच्याकडेच राहिले होते, तेव्हा माझ्या खोलीच्या खिडक्यांना चादरी लावून आम्ही रेकॉर्डिंग केलं. समोर कुणी नसताना त्या नसलेल्या माणसाला असं काही फैलावर घेत की तेजलला हसू आवरायला बाहेर पळावं लागे. मग ऑपरेशन झालं. गाठ गेली, धोका टळला, आणि आवाजही गेला. उरली ती कुजबुज.

बाई खचणाऱ्यातल्या नव्हेत. पण एकदा घरात कुणीतरी जुन्या लग्नाचा व्हिडिओ लावला. त्यात पंगतीत वाढताना त्या कुणाला तरी जिलबीचा आग्रह करत होत्या, पूर्वीच्या खणखणीत आवाजात. त्या उठून आत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत. नंतर मला एवढंच म्हणाल्या की खेळात आवाज राहू दे, दिलेलं परत घ्यायची माझी रीत नाही, पण माझ्या कानावर तो पडू देऊ नकोस. तेव्हापासून घरात तो नियमच झाला. त्या आमच्याकडे असताना आक्काचं काम निघालं की मी हेडफोन लावायचे, दार बंद करायचे. त्या जुन्या आवाजाचं घरात कुणी नावसुद्धा काढत नसे.

आणखी एक झालं होतं. त्या रागवायच्याच थांबल्या. कुजबुजत रागावणं त्यांना बहुधा हास्यास्पद वाटत असावं. अण्णांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला तर मुकाट उचलून वाळत घालत. कामापुरतं बोलत, बाकी गप्प. आम्ही मुलं-सुना तर म्हणायचो की घर कसं शांत झालंय.

तर बेत असा होता. सोंगटीची एक जुनी गमतीची प्रथा होती, 'घरचं माणूस'. सर्वोत्तम खेळाचा निकाल लागण्याआधी अंतिम तिघांपैकी प्रत्येकानं आपल्या घरातलं एक माणूस स्टेजवर आणायचं, ज्यानं तो खेळ कधीही हातात घेतलेला नाही. त्यानं सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर थोडा वेळ खेळून दाखवायचं. चांगला खेळ स्वतःच स्वतःला शिकवतो, असं त्यामागचं म्हणणं. सुरुवातीला ती नुसती थट्टा होती, मग लोकांना ती इतकी आवडली की तिला गुणसुद्धा मिळायला लागले, आणि हे गुण बुडाले की सोंगटीही बुडाली असं समजावं. नवऱ्यानं तो खेळ तपासायला म्हणून शंभरदा खेळलेला, माहेरच्या सगळ्यांनी चघळून चोथा केलेला. सासूबाईंचा प्रश्नच नव्हता. राहिले अण्णा. त्यांनी कधी मोबाइलवर पत्तेसुद्धा खेळलेले मी पाहिले नव्हते. मी त्यांना विचारलं, नियम समजावून सांगितला. त्यांनी तो मला पुन्हा एकदा सांगायला लावला आणि मग बरं म्हणाले.

आणि सासूबाई घरी राहणार होत्या. त्या भरवशावर मी आक्काचा आवाज हॉलभर घुमू द्यायला तयार झाले होते.

हॉलच्या दारातच पहिला झटका बसला. एका पोरानं टी-शर्टवर छापून घेतलं होतं, 'पाणी पळतंय, तू काय बघतोस?' आक्काचं वाक्य. सासूबाईंनी चष्मा वर करून ते वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पोरं काय, काहीही छापतात. चालताना त्यांनी एकदा मागे वळून ते परत वाचलं.

मी तेजलला बाजूला घेतलं आणि सांगितलं की आमची पाळी आली की मी अण्णांबरोबर स्टेजवर असणार, तू कसंही करून आईंना बाहेर कँटीनमध्ये ने. चहा पाज, वडा खायला घाल, चक्कर आल्याचं नाटक कर, काहीही कर. दार लागलं की आवाज बाहेर जात नाही, हे मी बघून आले होते. तेजल म्हणाली, काळजी करू नकोस. तेजलनं काळजी करू नकोस म्हटलं की मला जास्तच काळजी वाटते.

पहिला खेळ बंगळुरूच्या एका चमूचा होता. त्यांचं घरचं माणूस म्हणजे एकाचे आजोबा. त्यांनी उडी मारायच्या ऐवजी सारखा खेळच बंद केला आणि हॉल हसून लोळला. दुसरा शिलाँगच्या दोन भावांचा, धुक्यात हरवलेल्या टपाल्याचा. त्यांची आई आली होती. ती एकही शब्द न बोलता इतकी सुरेख खेळली की मला शेल्फावरची ती रिकामी जागा आठवली. मग आमचं नाव पुकारलं.

स्टेजच्या पायऱ्यांपाशी अण्णा थांबले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. मी म्हटलं, अण्णा, हे मैदान नाही. ते म्हणाले, खेळ आहे ना, मग मैदानच. अनवाणी पायांनी वर चढले, वाकून फळीला हात लावला, तो कपाळाला लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वळून आमच्या रांगेकडे पाहिलं. तेजल सासूबाईंच्या कानाशी लागून काहीतरी विनवत होती आणि सासूबाई मान हलवत होत्या. चहा झालाय, असं त्यांचं तोंड म्हणताना मला स्टेजवरून दिसलं.

सूत्रसंचालन करणारा मुलगा ओजस नावाचा, हसरा आणि चुरचुरीत. प्रथेप्रमाणे त्यानं माइक अण्णांपुढे धरला आणि विचारलं, "सर, हा खेळ याआधी कधी हातात घेतला होता?"

यावर नाही म्हणायचं, लोक टाळ्या वाजवतात, आणि खेळ सुरू होतो. अण्णांनी माइक स्वतःच्या हातात घेतला.

"घेतला होता," ते म्हणाले.

हॉलमध्ये हशा झाला. ओजसला वाटलं, म्हातारबुवांना प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, "खो-खो नाही सर, हा खेळ. पाटकरी."

"हाच. पाटकरी. दिवाळीला सूनबाई तिचं टॅब विट्याला विसरून गेली होती. तेव्हापासून रोज खेळतोय."

मला एकदम आठवलं की दिवाळीनंतर मी ते टॅब परत मागितलं तेव्हा अण्णा म्हणाले होते, राहू दे, मला बातम्या ऐकायला बरं पडतं. जेवण झालं की कानात वायरी घालून ते गच्चीवर जातात, हेही सासूबाईंनी मला एकदा सांगितलं होतं. म्हातारपणी बातम्यांचं वेड लागलंय म्हणून आम्ही हसलोही होतो.

ओजसचा चेहरा पडला. तो परीक्षकांकडे बघून म्हणाला, सर, नियमाप्रमाणे मग हे गुण मिळू शकणार नाहीत.

"नियम ठाऊक आहे मला. सूनबाईनं सांगितला होता." अण्णा माझ्याकडे वळले. "सूनबाई, आठ दिवस खोटं बोलायची तयारी करत होतो. इथं उभा राहिल्यावर जमेना. तुझं नुकसान केलं."

मला रागही आला होता आणि रडूही येत होतं. हो म्हणायच्या आधी हे सांगता आलं नसतं का, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ओजसनं प्रसंग सावरायचा म्हणून हसत विचारलं, "एवढा आवडला खेळ? मग शेवटपर्यंत पोचला असाल."

"नाही पोचलो. पहिलंच शेत खेळतो." अण्णा म्हणाले. "पाणी मुद्दाम चुकवतो."

"मुद्दाम? का?"

"चुकलं की ती रागावते ना."

हॉल पुन्हा हसला. मला हसू आलं नाही. मी रांगेकडे बघितलं. सासूबाई सरळ बसल्या होत्या, आणि तेजलनं विनवायचं थांबवून त्यांचा हात धरला होता.

"ती आक्का बोलते ना, तो आवाज आमच्या मंडळींचा आहे," अण्णा म्हणाले. "ऑपरेशनात गेला. त्याचं काही नाही, माणूस राहिलं हे देवाचे उपकार. पण तेव्हापासून घरात मला कुणी रागावलेलं नाही. मुलं मान देतात, सुना मान देतात, आणि ही टॉवेल उचलून ठेवते. घरात पाहुणा असल्यासारखं वाटतं. म्हणून जरा जाऊन बोलणी खाऊन येतो. तिला कळू नये म्हणून गच्चीवर."

आता कुणी हसलं नाही. मोठ्या पडद्यावर आमचं शेत स्थिर उभं होतं, आणि बांधावर आक्का पाठमोरी बसलेली. मला त्या क्षणी सोंगटीचं काहीही वाटेनासं झालं, हे खोटं नाही. मला वाटत होतं एवढंच, की आता या बाईंना घेऊन घरी जावं आणि पुन्हा या विषयाला कधी हात लावू नये. जे त्या दोन वर्षं टाळत होत्या ते मी भरल्या हॉलमध्ये त्यांच्यापुढे आणून ठेवलं होतं.

परीक्षकांमधल्या एक बाई म्हणाल्या की घरातलं दुसरं कुणी इथं असेल आणि त्यानं खेळ हातात घेतलेला नसेल तर चालेल. ओजसनं माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली.

आणि सासूबाई उठल्या.

पायऱ्यांपाशी मी त्यांना अडवलं. म्हटलं, आई, नको. यात सगळीकडे तुमचाच आवाज आहे. मी तो बंद करून देऊ शकत नाही, आवाजाशिवाय खेळ कळतच नाही.

"बंद कर म्हटलं का मी?" त्या म्हणाल्या, आणि मला हातानं बाजूला सारून वर आल्या. अण्णांकडे बघितलंही नाही. ओजसनं तोच प्रश्न विचारला, त्यांनी मानेनं नाही सांगितलं, आणि त्याच्या हातातलं खेळायचं यंत्र घेतलं. त्याची बटणं कुठं, काड्या कशा फिरवायच्या, त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. उलटंच धरलं होतं. मी सरळ करून दिलं आणि मागे सरकले.

पाणी सुटलं. पडद्यावरचा गडी खोरं घेऊन जागच्या जागी गरागरा फिरायला लागला. पहिला वाफा भरला, काठोकाठ आला, आणि मला डोळे मिटून घ्यावेसे वाटले.

"डोळं हायत का बटनं?" आक्का गरजली. हॉलच्या चारी भिंतींतून आवाज आला. "वाफा भरला तिकडं, तोंड फोड की पुढचं!"

सासूबाईंचे हात थांबले. यंत्र तसंच धरून त्या पडद्याकडे बघत राहिल्या. आजूबाजूला इतकी शांतता होती की फक्त पाण्याचा आवाज येत होता. पाणी वाफ्यावरून सांडलं, बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानात शिरलं.

"दिलं सोडून? शेजाऱ्याचं काय लगीन हाय व्हय, पाणी वाटालायस? आरं, पाण्याच्या मागं पळू नगंस, पाण्याच्या आधी पोच!"

कुणीतरी मागून खुसकन हसलं आणि गप्प झालं. सासूबाईंचे खांदे हलायला लागले. मी पुढे झाले, त्यांना धरायला. जवळ जाऊन बघते तर बाई हसत होत्या. डोळ्यांतून पाणी, तोंडाला पदर, आणि आवाज नाही, पण हसतच होत्या. ओजसनं माइक त्यांच्या तोंडाजवळ नेला, आणि मी दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांची कुजबुज मोठ्यानं ऐकली.

"एवढी ओरडायचे मी?" त्यांनी अण्णांना विचारलं.

"हे काहीच नाही," अण्णा म्हणाले.

मग मात्र हॉल असा हसला की छत हललं असेल. आणि त्या हशातच सासूबाई खेळायला लागल्या. आक्का रागावली की त्या पडद्याकडे बघून मान हलवायच्या, जणू म्हणायच्या की बरोबर आहे तुझं. एकदा चुकीचं बटण दाबून गडी विहिरीत पाडला. एकदा भलतंच तोंड बुजवलं, आक्का खवळली, आणि यांनी तिलाच हातानं गप्प बस म्हणून खुणावलं. पण हळूहळू जमायला लागलं. खोरं वेळेवर पडायला लागलं. एका वाफ्याला त्या खरोखरच पाण्याच्या आधी पोचल्या. वेळ संपली तेव्हा अर्धं शेत भिजलं होतं आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. यंत्र परत देताना त्यांनी ते पदरानं पुसून दिलं.

सोंगटी आम्हाला मिळाली नाही. ती शिलाँगच्या भावांना मिळाली. आक्काच स्वतः खेळायला आल्यावर तिला खेळ परका कसा म्हणायचा, यावर परीक्षकांत बरीच वादावादी झाली असं नंतर कानावर आलं. काही असो, त्या दोघांचा खेळ आमच्यापेक्षा सरस होता. मी तो नंतर खेळले आणि मुकाट्यानं कबूल केलं. त्यांच्या आईनं जाताना सासूबाईंचा हात हातात घेतला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी बराच वेळ उभ्या होत्या.

बाहेर आलो तेव्हा उन्हं उतरली होती. मी टॅक्सी बोलावली आणि आम्ही हॉलसमोर रस्त्याच्या कडेला थांबलो. तेजल रिक्षानं गेली. मी मनातल्या मनात सासूबाईंसाठी वाक्यं जुळवत होते, की तुमच्या कानावर तो पडायला नको होता, मला माफ करा, वगैरे. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी अण्णांना बोटानं जवळ बोलावलं आणि काहीतरी म्हणाल्या. गाड्यांचा आवाज होता. अण्णांना ऐकू गेलं नाही. ते आणखी जवळ गेले, तरी ऐकू गेलं नाही. शेवटी ते कमरेत वाकले आणि त्यांनी आपला कान अगदी त्यांच्या तोंडाशी नेला.

सासूबाई सुरू झाल्या. मला तुकडेच कळत होते. सगळ्या जगाला घरातलं सांगायची काय गरज होती. पोरीचं बक्षीस घालवलंत. बातम्या म्हणे, बातम्या. आणि जिवंत बायको खाली बसलेली असताना गच्चीवर जाऊन यंत्राची बोलणी खाता, लाज कशी वाटत नाही. तोंड उघडून मागितलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं? मधेच श्वास संपायचा, त्या थांबायच्या, दम घ्यायच्या, आणि परत सुरू. येणारेजाणारे बघत होते. एवढा उंच माणूस फूटपाथवर वाकून उभा आहे आणि एक बाई त्याच्या कानात काहीतरी गुपित सांगतेय, असंच त्यांना वाटलं असेल.

टॅक्सी आली. मी दार उघडून म्हटलं, अण्णा, चला.

वाकल्या वाकल्याच अण्णांनी एक हात वर करून मला थांबवलं.

"हं," ते सासूबाईंना म्हणाले, "ऐकतोय. पुढं बोल."